ले-आउटच्या बैठकीत ठराव येतोय, "बाहेरच्यांना खोली द्यायची नाही". तुमचं मत काय?

वाठोड्याची_ताई

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी नागपुरातल्या आमच्या ले-आउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीच्या, नागरिक समितीची बैठक आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर विषयपत्रिका आली आणि त्यातला तिसरा विषय असा आहे: "बाहेरच्या राज्यातील व्यक्तींना ले-आउटमध्ये खोली किरायाने देऊ नये." मला त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या वरच्या खोलीत तीन वर्षांपासून छत्तीसगढमधल्या राजनांदगावकडचं कुटुंब राहतं. तो मिस्त्री, ती रेजा म्हणजे बांधकामावरची मजूर, मुलगा दुसरीत. किराया एक महिना थकला नाही. मागच्या वर्षी मला डेंग्यू झाला, तेव्हा माझी मुलं पुण्याहून येईपर्यंत दोन रात्री ती बाई माझ्या उशाशी बसून होती.

पण ग्रुपवर जे लोक चिडून राहिले ते उगाच चिडलेत असंही मी म्हणणार नाही. दोन महिन्यांत दोन मोटरसायकली चोरीला गेल्या. मागच्या गल्लीत एका मालकाने चार खोल्यांत तेवीस पोरं ठेवलीत, एक ठेकेदार त्यांना घेऊन आला. संडास एकच. सांडपाण्याची गडर लाइन महिन्यातून दोनदा तुंबते आणि पाणी शेजारच्या अंगणात येतं. शेजारची म्हातारी नाक धरून बसलेली मी स्वतः पाहिली आहे.

म्हणजे त्रास खरा आहे. पण त्या त्रासाचं नाव "बाहेरचे" आहे का? तेवीस पोरं भंडाऱ्याची असती तर गडर लाइन तुंबली नसती का? मला बैठकीत बोलायचं आहे आणि मला नीट बोलता येत नाही, म्हणून इथे विचारते. मनात असेल ते स्पष्ट लिहा, विरोधात असेल तरी चालेल.

---

जुना_इतवारीकर

ताई, बैठकीत एकच प्रश्न विचारा: बाहेर म्हणजे कुठून बाहेर? नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह देवगडचा गोंड राजा. देवगड आज छिंदवाडा जिल्ह्यात येतं, म्हणजे मध्य प्रदेशात. सतराशेच्या सुमारास त्याने इथल्या छोट्या वस्त्या जोडून गाव वसवलं आणि शेतकरी, कारागीर, व्यापारी चारी दिशांनी बोलावून आणले. आपल्या शहराची सुरुवातच बोलावून आणलेल्या माणसांपासून झाली. पुढे भोसले आले, त्यांच्याबरोबर देशावरची घराणी आली. महाल भागातली कितीतरी "अस्सल नागपूरकर" घरं त्यातली आहेत.

१८२१ मध्ये कामठीची छावणी झाली. मद्रासच्या पलटणींबरोबर तामीळ आणि तेलुगू माणसं आली आणि राहिली. १८५७ नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर आले. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे पोचली, मग बंगाल-नागपूर रेल्वे आली आणि तिच्याबरोबर बंगाली बाबू आले. १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. माझे आजोबा त्या मिलमध्ये साच्यावर होते. त्यांच्या खात्यात मराठी, छत्तीसगढी, हिंदी, तेलुगू अशा चार भाषा चालायच्या आणि भोंगा सगळ्यांसाठी एकच होता. आज इतवारीच्या सराफ्यात बारीक घडणावळ करायला बसलेले कारागीर पाहा, त्यात बंगालचे किती आहेत ते कोणत्याही सराफाला विचारा.

आणि सर्वात महत्त्वाचं, जे आपल्या पोरांना शाळेत कोणी नीट सांगत नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या आदल्या दिवसापर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची. रायपूर, बिलासपूर, बालाघाट, छिंदवाडा, शिवनी हे सगळे आपल्याच प्रांतातले जिल्हे होते. १९३६ पासून इथे हायकोर्ट होतं, रायपूरच्या माणसाची अपील नागपुरात चालायची. तुमच्या मिस्त्रीचा आजोबा कामासाठी नागपूरला आला असेल तर तो आपल्याच प्रांताच्या राजधानीत आला होता. माणसं जिथे होती तिथेच राहिली, मधली रेघ सरकली. ज्या वाटेने ते शंभर वर्षं येत होते त्याच वाटेने अजूनही येतात. त्यांना कोणी सांगितलं नाही की आता तुम्ही परप्रांतीय झाले.

---

हिंगण्याचा_वायरमन

काका, तुमचा इतिहास मले मान्य आहे. पण इतिहासानं माह्या घरचा किराणा नाही भरत. मी २०१९ ले आयटीआय केली, वायरमन. बुटीबोरीतल्या एका कंपनीत दोन वर्षं कंत्राटावर होतो. एक दिवस ठेकेदार बदलला. नव्यानं बिहार-उत्तर प्रदेशातून चाळीस पोट्टे आणले, कंपनीच्या मागं पत्र्याच्या शेडमंदी ठेवले. बारा तास ड्यूटी, ओव्हरटाइमचा हिशेब नाही, सुट्टी नाही. आम्ही आठ तासांचं बोललो तं म्हणाला, "उद्यापासून येऊ नका." आम्ही नऊ जण होतो, सगळे हिंगणा-बुटीबोरीच्या गावातले. त्यातल्या दोघांच्या बापाची जमीन एमआयडीसीत गेलेली.

८० टक्के नोकऱ्या स्थानिकांले, असा राज्य सरकारचा आदेश आहे. राज्यात पंधरा वर्षं राहिला तो स्थानिक. आम्ही निवेदन घेऊन गेलो. कंपनीनं यादी दाखवली, सगळे मराठी नावं. कारण त्या यादीत फक्त कायम कामगार होते. कंत्राटाचे पोट्टे कोणत्याच यादीत नव्हते. आम्हीही कधी नव्हतो, हे मले त्या दिवशी समजलं.

म्हणून मी म्हणतो, बाहेरच्यांचा लोंढा थांबला पाहिजे. तुम्ही मले वाईट म्हणा.

---

शाळेच्या_बाई

वायरमन भाऊ, तुम्हाला कोणी वाईट म्हणणार नाही. पण तुमचीच पोस्ट परत वाचा. तुम्हाला "येऊ नका" कोण म्हणालं? शेडमध्ये झोपलेलं पोरगं म्हणालं का?

---

हिंगण्याचा_वायरमन

नाही म्हणालं. त्याच्यासंग मी दोन-तीनदा बोललो. त्यानं घरी बहिणीच्या लग्नाचं कर्ज सांगितलं. ठेकेदारानं उचल देऊन आणलं होतं, फिटेपर्यंत सोडून जाता येत नाही म्हणे. त्याच्यावर राग नाही बाई. पण तो आला म्हणून मी गेलो, हेही खरं आहे.

---

मानेवाड्याचा_ठेकेदार

मी या धंद्यात बावीस वर्षांपासून आहे, छोटी घरं बांधतो. माझ्या व्यवसायावर बोललं गेलं म्हणून जे आहे ते सरळ लिहितो.

आपल्या शहरात सकाळी आठला कोणत्याही ठिय्यावर, म्हणजे मजूर कामासाठी जमतात त्या चौकात, जा. स्लॅबच्या दिवशी पंचवीस माणसं लागतात. त्यात छत्तीसगढ, बालाघाट, गोंदिया, भंडारा अशी सगळीकडची असतात. धान कापून झाला की डिसेंबरपासून लोक येतात आणि जूनमध्ये भाताचे परे (रोपं) टाकायला परत जातात. विटाभट्टीवरही तोच हिशेब. नवरा-बायको दोघंही कामावर येतात, साइटवरच राहतात, म्हणजे रात्रीची चौकीदारीही झाली. आपल्याकडचा पोरगा साइटवर राहत नाही, त्याला संध्याकाळी घरी जायचं असतं. त्यात त्याचं काही चुकत नाही. पण मालकाला मुदतीत घर पाहिजे आणि दर कमी पाहिजे.

आम्ही बाहेरून माणूस आणतो त्याचं खरं कारण "ते मेहनती, आपले आळशी" हे नाही. हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकतोय आणि ते खोटं आहे. कारण हे की घर सोडून आलेल्या माणसाला "नाही" म्हणता येत नाही. त्याला इथे मामा नाही, नगरसेवक माहीत नाही, गावाकडून पंचायतीचा फोन येत नाही. उचल दिली की तो बांधला गेला. हे मी माझ्या हातांनी केलं आहे, म्हणून लिहू शकतो. तीन वर्षांपूर्वी उचल बंद केली, आठवड्याच्या आठवड्याला मजुरी देतो. माणसं तरीही टिकतात.

ताईंच्या मागच्या गल्लीतली ती तेवीस पोरं ज्याने कोंबली, त्याला बैठकीत बोलवा. ठरावात त्याचं आणि घरमालकाचं नाव का नाही?

---

धरमपेठ_वाचक

माझा मुद्दा भाषेचा आहे आणि तो कोणी हलका समजू नये. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दुकानात शिरलं की मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर येतं. बँकेत, दवाखान्यात, हाउसिंग सोसायटीच्या नोटिशीत तेच. २०२० मध्ये सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, २०२२ मध्ये दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. कागदावर सगळं आहे, पण बर्डीच्या त्या दुकानात काही बदललं नाही.

पण मला या ठरावात एक गोष्ट खुपते. वर्धा रोडच्या उंच इमारतींत मिहान या विमानतळाजवळच्या औद्योगिक प्रकल्पातल्या कंपन्यांमध्ये आलेले दिल्ली-बेंगळुरूचे अधिकारी राहतात. पाच-पाच वर्षं राहून मराठीचा एक शब्द येत नाही. त्यांना खोली देऊ नका असा ठराव कोणत्या सोसायटीने केला? उलट त्यांच्यासाठी किराया वाढवून जाहिरात देतात. आणि ज्या रेजाला दोन वर्षांत "ताई, पाणी आलं का?" म्हणता यायला लागतं, ती बाहेरची. मराठीचा आग्रह धरायचा तर तो बंगल्यापासून धरा. आणि आपल्यापासूनही. भाजीवाल्याशी बोलताना पहिलं वाक्य हिंदीत कोण टाकतं, तर आपणच.

---

जरीपटका_तिसरी_पिढी

माझे आजोबा १९४८ मध्ये सिंधमधून आले. घरात एक पितळी हंडा आणि शाळेचा दाखला एवढंच उरलं होतं. जरीपटक्याच्या कॅम्पात माझे बाबा जन्मले. आजी सांगायची, सुरुवातीला नळावर बायका म्हणत, "हे लोक आले आणि पाणी संपलं." ताईंच्या ग्रुपवर आज तेच वाक्य आहे.

पण आजीला पहिली भाकर थापायला शिकवली ती नळावरच्याच एका बाईनं. आजी तिला शेवटपर्यंत "माय" म्हणायची. मी मराठीतून बारावी केली. माझं गाव कोणतं विचारलं तर मी नागपूर सांगतो, दुसरं नाव माझ्याकडे नाही.

---

पुण्यातली_नागपूरकर

वाचत होते, पण आता राहवत नाही. मी हिंजवडीत नोकरी करते, सात वर्षं झाली. पहिल्या वर्षी खोली शोधताना एका मालकीणबाईंनी मला विचारलं, "विदर्भातली का? मग नको, तिकडची मुलं फार असतात एका खोलीत." माझ्याच राज्यात, माझ्याच भाषेत. ऑफिसात मी "काम करून राहिले" म्हटलं की अजून लोक हसतात. ती "करून राहिले" कुठून आली? आपल्या आजी-पणजीच्या शेजारी जे हिंदी बोलणारे लोक राहत होते त्यांच्याकडूनच ना? आपली बोली त्या शेजारातून घडली, म्हणूनच ती आपली आहे. मी ती सोडली नाही.

दिवाळीत गरीबरथ, आझाद हिंद, सगळ्या गाड्यांची प्रतीक्षा यादी पाहा. ट्रॅव्हल्सवाले तिप्पट भाडं घेतात. ती सगळी आपली मुलं असतात. ताई, तुमचीही मुलं पुण्यात आहेत असं तुम्ही लिहिलं. ठरावाला हात वर करणाऱ्या प्रत्येकाच्या घरातलं कोणी ना कोणी पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला किरायाच्या खोलीत असणार. बैठकीत फक्त एवढं विचारा: "तुमची मुलगी राहते त्या कॉलनीत हाच ठराव झाला तर?"

वायरमन दादा, तुमच्या जागी माझा भाऊ आहे. तोही कंत्राटावर. म्हणून तुमचं बोलणं मला टोचलं, आणि पटलंही.

---

कोर्टकचेरी

कायद्याचं थोडक्यात सांगतो. संविधानाच्या कलम १९ नुसार नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क आहे. नागरिक समिती घरमालकाला "अमक्या राज्याचा किरायदार ठेवू नको" असं बंधन घालू शकत नाही. किरायदाराची माहिती पोलीस ठाण्यात देणं मात्र योग्य आणि गरजेचं आहे. ती सगळ्याच किरायदारांची द्या, मग तो यवतमाळचा असो की रायपूरचा.

ग्रुपवर कोणी "बांगलादेशी" हा शब्द वापरत असेल तर त्याला थांबवा. नागरिकत्व तपासण्याचं काम पोलिसांचं आणि सरकारचं आहे. मालदा-मुर्शिदाबादहून प्लास्टरच्या कामाला आलेला माणूस बंगाली बोलतो म्हणून परदेशी ठरत नाही. अशा एका शब्दाने माणसाची रोजी जाते, मार बसतो. मी अशी प्रकरणं पाहिली आहेत.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता, बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा आला. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराची कल्याणकारी मंडळात नोंदणी होते, त्यासाठी बांधकाम खर्चावर उपकर घेतला जातो. रेशन कार्ड गावचं असलं तरी "एक देश एक रेशन"मध्ये धान्य इथे उचलता येतं. यातलं अर्धंही तुमच्या वरच्या कुटुंबाला माहीत नसेल.

---

शाळेच्या_बाई

मी मनपा शाळेत शिकवते. ऑगस्टमध्ये माझ्या वर्गात बेचाळीस मुलं असतात, डिसेंबरमध्ये तीस. बारा जण आई-बापाबरोबर विटाभट्टीवर. दुसऱ्या दारातून मग छत्तीसगढची मुलं येतात आणि जूनमध्ये तीही जातात. ही मुलं वर्षभर कुठल्याच हजेरीपटावर पूर्ण नसतात. मला सगळ्यात जास्त याचं दुःख आहे.

दोन वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याला, एक मुलगा मातीचा बैल घेऊन आला, चाकं लावलेला. बाकीच्यांचे लाकडाचे. मुलं म्हणाली, "हा आपला पोळा नाही." तो म्हणाला, "हमर गाँव म घलो पोरा होथे." त्यांच्याकडेही आपल्या मोठ्या पोळ्याच्याच दिवशी पोळा असतो, ते पोरा म्हणतात आणि बैल मातीचा करतात. मी त्याचा बैल पहिल्या रांगेत ठेवला. वर्ष संपेपर्यंत तो मराठीत भांडायला लागला होता. यंदा तो आला नाही. कुठे आहे मला माहीत नाही.

---

हिंगण्याचा_वायरमन

मी एक लिहायचं राहिलो होतो. मे २०२० च्या लॉकडाउनमधी पांजरीच्या टोलनाक्यावर आम्ही मित्र सोळा दिवस होतो. तेलंगणाकडून पायी येणारे लोक, पायाले फोड, खांद्यावर लेकरं. आम्ही पाणी आन् पुऱ्या वाटल्या, ट्रक थांबवून बसवून दिले. एक बाई चप्पल मागत होती, मी माही काढून दिली. तवा आमच्या मनात हे आलंच नाही का हे कोणत्या राज्याचे आहेत.

वर मी "लोंढा थांबला पाहिजे" लिहिलं, ते मागं घेतो. पण हे मागं घेत नाही: कंत्राटाच्या प्रत्येक पोट्ट्याचं नाव यादीत आलं पाहिजे, आठ तास आन् पूर्ण मजुरी सगळ्यांले मिळाली पाहिजे. त्याले माह्याएवढाच पगार द्यावा लागला तं ठेकेदार त्याले हजार किलोमीटरवरून कायले आणेन?

---

वाठोड्याची_ताई

बैठक झाली. उशिरा लिहितेय, माफ करा.

मी उभी राहिले, हात थरथरत होते. आधी देवगडचं सांगितलं, मग १९५६ चं. दोन-तीन जण म्हणाले, "इतिहास राहू द्या." मग मी पुण्याच्या ताईंचा प्रश्न विचारला. थोडा वेळ कोणी बोललं नाही. ज्यांनी ठराव आणला त्यांची सून बेंगळुरूला असते, त्या खाली पाहून बसल्या. मोटरसायकल गेलेले भाऊ मात्र चिडले, म्हणाले, "तुमच्या घरची गाडी गेली असती तर?" त्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी फक्त म्हटलं की तक्रारीचा पाठपुरावा करायला मी तुमच्याबरोबर ठाण्यात येईन. उद्या जाणार आहोत.

ठराव त्या शब्दांत पास झाला नाही. सगळ्या किरायदारांची माहिती ठाण्यात द्यायची, आणि एका संडासामागे किती माणसं ठेवायची याची मर्यादा घालून त्या मालकाला पत्र द्यायचं, एवढं ठरलं. मत घेतलं तेव्हा चौदा विरुद्ध अकरा. म्हणजे अकरा जण अजूनही त्याच मताचे आहेत आणि ते माझे शेजारी आहेत.

घरी आले तर माझ्या वरच्या खोलीतली बाई जिन्यात बसली होती. तिला ग्रुपवरचं कोणीतरी वाचून दाखवलं होतं. सामान अर्धं बांधलेलं. मी तिला वर नेऊन गाठोडं सोडायला लावलं. मग कोर्टकचेरी दादांनी लिहिलेली नोंदणी सांगितली. नवऱ्याला ९० दिवसांच्या कामाचं प्रमाणपत्र लागेल. तो ठिय्यावरचा माणूस, चार महिने एकाकडे, दोन महिने दुसऱ्याकडे. एकाने फोन उचलला नाही, दुसरा म्हणतो सही देणार नाही. मानेवाड्याचे ठेकेदार भाऊ, मागच्या उन्हाळ्यात तो म्हणे तुमच्या भागात दोन घरांच्या स्लॅबवर होता. तुमच्याकडेच होता का?

---

मानेवाड्याचा_ठेकेदार

ताई, नाव मला मेसेजमध्ये पाठवा, इथे लिहू नका. हजेरीची वही घरी आहे, रात्री काढतो. माझ्याकडचे जितके दिवस निघतील तितक्याची सही मी देतो. बाकीच्या दिवसांसाठी दुसऱ्या दोघांकडे मी स्वतः त्याच्याबरोबर जाईन, ते मला ओळखतात. वायरमन भाऊ, तुम्हीही मेसेज करा. नंदनवनला एक तीन मजली घर सुरू आहे, वायरिंग दोन आठवड्यांत येईल. आठ तास, आठवड्याला पैसे, वहीत नाव.